उसना पिंजरा

आजवर या जगात जे कोणी चढ चढून वर गेलं, ते माझ्या बळावर गेलं. राजे गेले, सेनापती गेले, तत्त्वज्ञ गेले. त्यातले राजे आणि सेनापती माझ्या जन्माआधीच जाऊन बसले असल्यामुळे तेवढे सोडून द्यावेत. तत्त्वज्ञ पायी जातात, त्यांनाही वगळू. उरलेल्यांपैकी ज्यांच्याकडे सायकल होती, तीही गिअरची, तीही निळी, आणि जिची घंटा वाजत नाही अशी, त्या एकूण एक माणसांना मीच वर नेलं. म्हणजे एका बाईला. तिलाही अधूनमधून उतरून चालावं लागलं.

मित्रांनो, मी एक जुना डिरेलर आहे.

हे नाव ऐकून तुमचा चेहरा कोरा राहिला असेल तर ओशाळू नका. मी ज्या घरात राहतो तिथेही ते कुणाला ठाऊक नाही. तिथे माझा उल्लेख ‘ते खालचं लोंबतंय ते’ असा होतो. सायकलच्या मागच्या चाकाला उजव्या अंगाने दातेरी चकत्यांची एक उतरंड असते. साखळीला या चकतीवरून उचलून त्या चकतीवर नेऊन ठेवणारा जो हमाल, तो मी. वर हँडलच्या मुठीपाशी कुणीतरी बोटाने खटका दाबतं, तार ओढली जाते, आणि मी साखळीला खांदा देतो. खटका दाबणाऱ्याला वाटतं, आपणच गिअर बदलला. वाटू दे.

माझ्या खालच्या अंगाला दोन पट्ट्यांचा एक पिंजरा असतो. त्यात दोन चिमुकली चाकं असतात आणि त्यांच्यामधून साखळी वळण घेत जाते. पिंजऱ्याच्या मुळाशी एक स्प्रिंग असते. ती पिंजऱ्याला सतत मागे खेचत राहते, म्हणून साखळी ढिली पडत नाही. सतत म्हणजे सतत. सायकल पळत असो, उभी असो, मालक घोरत असो. माणसं दमली की हातपाय सैल सोडून पडतात, आणि त्याला विश्रांती असं चांगलं नाव आहे. मी सैल पडलो की त्याला बिघाड म्हणतात.

माझा जन्म पत्र्याच्या एका लांबलचक शेडमध्ये झाला. तिथे आमची बाळंतपणं ढिगाने होत. रांगेच्या शेवटच्या टेबलाशी एक तपासनीस बाई बसायच्या. त्या प्रत्येकाला तळहातावर घेत, पिंजरा एकदा मागे ओढत आणि सोडून देत. ‘खट्’ असा स्वच्छ आवाज आला की म्हणत, “चल, पुढे.” माझ्या वाट्याला आलेलं हे पहिलं कौतुक. दुसऱ्याची वाट पाहतो आहे.

मला ज्या निळ्या सायकलला लावलं, ती एका उंच गृहस्थाने वजन उतरवण्यासाठी घेतली. घरी आणल्यावर तिचं दर्शन घ्यायला शेजारपाजार जमला. सगळ्यांनी रंगाची तारीफ केली, बैठकीवर थापट्या मारल्या, घंटा वाजवून वाजवून तिचा जीव घेतला. माझ्याकडे एक पोक्त काका वाकले. मला वाटलं, आता काही बोलतील. त्यांनी बुटाची नाडी बांधली आणि ते उठले.

गृहस्थ काही दिवस नेमाने सायकल चालवत होते. मग गुडघा दुखला, मग पाऊस आला, मग पाऊस गेला तरी गुडघा राहिला. सायकल व्हरांड्यात उभी राहिली आणि तिच्यावर टॉवेल वाळू लागले. गृहस्थांच्या पायजम्याच्या नाड्या माझ्या चाकांपर्यंत लोंबत. मित्रांनो, ज्याने डोंगर चढायचे त्याने पायजमे वाळवावेत, यापरतं दुःख नाही असं मी तेव्हा समजत होतो. पुढे डोंगर चढावा लागला, तेव्हा पायजम्यांची किंमत कळली.

झालं असं की त्या गृहस्थांना बोटीवर नोकरी लागली आणि ते समुद्रावर गेले. घरात मागे दोघी राहिल्या. एक त्यांची थोरली बहीण आणि दुसरी त्यांची बायको. म्हणजे नणंद आणि भावजय, आणि दोन खोल्या.

नणंद घरीच शिवणकाम करायची. मोठ्या खोलीच्या खिडकीशी तिचं मशीन होतं आणि दिवसभर तिच्या तोंडात टाचण्या असत. टाचण्या तोंडात असताना ती बोलत नसे. घरातल्या शांततेचं श्रेय बरंचसं त्या टाचण्यांना होतं. भावजय तिला एरवी ‘ताई’ म्हणायची, रागावली की ‘वन्सं’ म्हणायची. त्यामुळे घरातलं हवामान बाहेर व्हरांड्यात मलाही बसल्या जागी कळे.

भावजयीला टेकडीवरच्या दवाखान्यात रक्त तपासायच्या खोलीत काम मिळालं, पण हंगामी. तिथे भल्या सकाळी उपाशीपोटी आलेली माणसं बाही वर करून रांगेत बसलेली असत. टेकडीवर पहिली बस पोचायची तेव्हा त्यातल्या निम्म्यांना चक्कर आलेली असे. मग भावजयीने सायकलवरचे टॉवेल काढले, साखळीला मशीनचं तेल घातलं आणि मला कामाला जुंपलं.

तो चढ मी तुम्हाला काय सांगू! पायथ्याशी तो साळसूद दिसतो. पाण्याच्या टाकीपाशी पहिलं वळण लागतं, तिथे त्याचा खरा स्वभाव कळतो. तिथे भावजय खटका दाबायची, दात आवळून स्वतःशी म्हणायची, “चल बाई, चल.” हे ती स्वतःला म्हणत होती, मला नव्हे. तरी मी चालत होतो. रोज सकाळी साखळीला सगळ्यात मोठ्या चकतीवर नेऊन ठेवायचं, पिंजरा ताणून धरायचा, आणि वर पोचल्यावर लोखंडी कठड्याला टेकून दुपारची वाट पाहायची. दुपारी उतारावर मला काही काम नसे, नुसतं लोंबत यायचं. त्या लोंबण्यावर मी दिवस काढत होतो.

मग तो गुरुवार आला.

नणंदेकडे कुणाच्या तरी हॉलभरचे पडदे शिवायला आले होते. गठ्ठा ठेवायला जागा हवी म्हणून तिने सायकल जरा सरकवली. सायकल जरा सरकली आणि मग सगळीच सरकली. ती धाडकन उजव्या कुशीवर पडली, म्हणजे माझ्यावर. नणंदेने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, सायकल उभी केली, बैठकीवरची धूळ पदराने पुसली आणि गठ्ठा आतच ठेवून ती परत मशीनवर जाऊन बसली. तोंडात टाचण्या होत्याच.

माझ्या पिंजऱ्याची आतली पट्टी वाकली होती.

शुक्रवारी सकाळी पाण्याच्या टाकीपाशी भावजयीने खटका दाबला. मी साखळीला घेऊन आत सरकलो आणि वाकलेली पट्टी चाकाच्या तारांना लागली. टिण टिण टिण टिण! आणखी एक फेरा झाला असता तर तारा, चाक, मी, सगळ्यांचा एकदमच निकाल लागला असता. पण ती चटकन उतरली. खाली वाकून तिने आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, “आता तुला काय धाड भरली?”

त्या दिवशी तिने सायकल ढकलत वर नेली आणि तिला उशीर झाला. शनिवारी सायकल घरीच ठेवून ती अंधारात निघून चालत गेली, तरी उशीर झाला. वर धापा टाकत पोचली, हात थरथरत होते, एका आजोबांच्या दंडात तीनदा सुई टोचावी लागली. आजोबा म्हणाले, “पोरी, शिवण घालत्येस का?” तिथले मोठे डॉक्टर हे सगळं बघत होते. ते कमी बोलत, आणि जे बोलत ते लक्षात राही.

“इथे रक्त कुणाची वाट बघत नाही, बाई,” ते म्हणाले. “सोमवारी तुमचा कायम करायचा कागद माझ्यासमोर येतोय. तुम्ही रोज वेळेवर कशा येणार, तेवढं मला त्या दिवशी दिसलं पाहिजे. नाही दिसलं तर खाली दुसरी मुलगी तयार आहे.”

हे मला कसं कळलं? ती दुपारी मला घेऊन सायकलच्या दुकानात गेली आणि तिथल्या काकांना तिने हे सगळं एका दमात सांगितलं. काकांनी ते ऐकलं नाही, कारण ते मला बघत होते.

“ह्याचं आता काही खरं नाही,” ते म्हणाले. “आख्खाच बदला. मागवावा लागेल. दोन आठवडे.”

“मला सोमवारी सकाळी हवंय हो!”

“सोमवारी मी गावात नाही. भाचीला मुलगी झाली, बघायला चाललोय. तासाभरात गाडी आहे.” त्यांनी मला चिमटीत धरून हलवलं. “तसं बघितलं तर सांगाड्याच्या ज्या कानाला हा लटकतो तो सरळ आहे. वरचं अंग शाबूत आहे. पिंजराच तेवढा गेला.”

“मग पिंजराच बदला.”

“नुसता पिंजरा कोण बदलतं?” असं म्हणत काका आत गेले आणि एक डबा घेऊन आले. मित्रांनो, त्या डब्यात काय होतं ते मी तुम्हाला लहान वयात सांगू नये. सगळे माझेच भाऊबंद होते. कुणाला हात नाही, कुणाला पाय नाही. त्यातला एक ट्रकखाली सापडलेला काकांनी वर काढला. त्याच्या अंगाचा चेंदामेंदा झाला होता, पण पिंजरा धडधाकट होता. रंग काळा, लांबीला माझ्याहून दोन बोटं जास्त.

“लांब आहे जरा, पण चालेल. उलट चढाला बरा,” काका म्हणाले. “उसना देतोय. नवा आला की परत आणून द्या. बसवायला मात्र तीन हात लागतात. मी दोन हात आणि एक गुडघा वापरतो. घरी कोण आहे?”

“नणंद.”

काकांनी तिच्याकडे सहानुभूतीने पाहिलं. “मग असं करा. स्प्रिंगचं टोक भोकात घालायचं, पिंजरा उलटा पिळून आणायचा आणि एकीने घट्ट धरून ठेवायचा. दुसरीने हा बारका स्क्रू लावायचा. स्क्रू बसेपर्यंत धरणारीने शिंकायचं नाही, हसायचं नाही, भांडायचं नाही. तेवढं जमलं तर सोपं आहे.”

रविवारी दुपारी मोठ्या खोलीत जुनी वर्तमानपत्रं अंथरली गेली. सायकल उलटी करून उभी केली. तिचे पाय वर आणि डोकं खाली, आणि मी सगळ्यांच्या नजरेसमोर. नणंदेने मशीनवरचा दिवा वळवून माझ्यावर पाडला, चष्मा लावला.

“वन्सं, इथे धरा,” भावजय म्हणाली. हवामान वाईट होतं.

“धरते की. मला काय धरता येत नाही?”

“पाडता येतं, म्हणून म्हटलं.”

“सायकली कधीकधी आपोआप पडतात.”

“हो ना. अन् मग बैठक पण आपोआप पुसली जाते.”

नणंदेने दोन टाचण्या तोंडात धरल्या. शिवायचं काही नव्हतं, तरी धरल्या.

काकांनी सांगितल्याप्रमाणे भावजयीने खालचं चिमुकलं चाक काढलं, साखळी मोकळी केली, पिंजऱ्याला अडवून ठेवणारा अडसराचा स्क्रू फिरवला. पिंजरा सण्णकन फिरला आणि थांबला. मग मागचा स्क्रू निघाला आणि माझा जुना पिंजरा तिच्या हातात आला. जन्मापासून सोबत होता. मी त्याच्याबद्दल कधी बरं बोललो नाही, तोही माझ्याबद्दल बोलला नसेल. एवढी वर्षं एकमेकांना खेचण्यात गेली, बोलायला उसंत कुठे होती? भावजयीने त्याला कागदावर ठेवलं आणि तो एका बाजूला कलंडला.

आणि त्या क्षणी मित्रांनो, एक नवलच घडलं. स्प्रिंग निघाली आणि मी सैल पडलो. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी खेचत नव्हतं आणि मी कुणाला खेचत नव्हतो. बाहेर ऊन होतं, खोलीत कापडाचा नि तेलाचा वास होता, आणि माझं काहीही दुखत नव्हतं. मला वाटलं, राहू द्या. नका बसवू. उद्याचा चढ कुणीतरी दुसरा चढेल. मला त्या डब्यात टाका. तिथे मंडळी बरी वाटली, कुणीच काही करत नव्हतं.

पण भावजय तशी ऐकणारी नव्हती. तिने काळा पिंजरा लावला, स्प्रिंगचं टोक भोकात घातलं, पिंजरा उलटा पिळत आणला आणि म्हणाली, “धरा आता. अंगठा इथे. सोडू नका हं.”

नणंदेने अंगठा ठेवला. मोठा खरखरीत अंगठा होता तो, सुयांनी टोचून टोचून चाळण झालेला. त्या अंगठ्याची पकड अशी की हत्ती बांधावा. भावजय स्क्रू शोधायला वळली. आणि मला कळलं की अंगठा सैल होतोय. तो घसरत नव्हता, सैल होत होता. हा फरक दुसऱ्या कुणाला कळला नसता. खेचणं आणि सोडणं यातच माझं आयुष्य गेलंय, मला कळला.

फाट्! पिंजरा गरकन फिरला, निखळला, स्प्रिंग उडाली, बटणांच्या डब्यावर आपटली आणि कपाटाखाली गेली.

“वन्सं!”

“निसटलं गं.” टाचण्या तोंडातून पडल्या होत्या.

“तुमच्या हातातून आजवर कापड निसटलेलं मी पाहिलं नाही! रेशीमसुद्धा!”

 टाचण्या गोळा करायचं नणंदेचं लोहचुंबक होतं, ते तिने पट्टीला बांधलं आणि जमिनीला गाल टेकून कपाटाखाली फिरवलं. पहिल्यांदा एक कात्री निघाली, जी हरवल्याबद्दल भावजयीला वर्षभर बोलणी बसली होती. भावजयीने ती नुसती उचलून टेबलावर ठेवली. मग स्प्रिंग निघाली. नणंद उठली नाही. तशीच जमिनीवर बसून स्प्रिंग हातात फिरवत राहिली.

“कायम झालीस की वर क्वार्टर मिळतो ना?” ती म्हणाली.

“कोण म्हणालं?”

“तू फोनवर सांगत होतीस त्याला. कायम झालेल्यांना क्वार्टर देतात, नळ आहे, गच्ची आहे. मी ऐकत नव्हते. मशीन बंद होतं म्हणून ऐकू आलं.”

भावजय हातातला स्क्रू धरून नणंदेकडे बघत राहिली. मग तिने कपाळावरून मनगट फिरवलं. तेलाचा एक पट्टा कपाळभर उठला.

“अहो ताई,” ती म्हणाली. “वर राहायचं असतं तर मला सायकल कशाला लागली असती?”

नणंदेने मान वर केली.

“पलंगावरून उठले की दोन पावलांवर दवाखाना. तेवढ्यासाठी रविवार घालवून, हात काळे करून, या लोंबकळ्याला पाय बसवू मी? भंगारात दिली असती सायकल. रोज खाली यायचंय म्हणून तर चाललंय हे सगळं.”

“खाली यायला गिअर कुठे लागतो?” नणंद म्हणाली. पडलं तरी नाक वर ठेवायची तिची सवय होती.

“वर गेल्याशिवाय खाली कशी येणार?”

 नणंदेने नाक ओढलं आणि म्हणाली, “कपाळाला काळं लागलंय. पुसू नकोस, पसरेल. आण इकडे ते.”

दुसऱ्यांदा अंगठा बसला तेव्हा मला एवढं कळलं, की आता दाराशी बँड वाजला तरी तो हलायचा नाही. भावजयीने स्क्रू लावला. तो पहिल्यांदा वाकडा गेला, तिने काढला, परत लावला. नणंदेच्या हाताच्या शिरा फुगल्या होत्या, अंगठ्याचं नख पांढरं पडलं होतं, पण तिने चकार शब्द काढला नाही. टाचण्याही नव्हत्या तोंडात. स्क्रू बसला. “सोडा ताई.” नणंदेने सोडलं. पिंजरा अडसराला जाऊन टेकला आणि राहिला.

आणि मी पुन्हा ताणला गेलो. थकव्याची जुनी जागा बरोबर सापडली.

आता राहिलं होतं साखळी ओवायचं. ‘ओवायचं’ हा शब्द ऐकल्यावर नणंदेने भावजयीला हाताने बाजूला सारलं. “हे तुझं काम नव्हे. आयुष्य गेलंय माझं ओवण्यात.”

पिंजऱ्यात दोन चाकांच्या मधे पट्टीला एक बारीकशी जीभ असते. साखळीने तिच्या आतून निमूट सरळ जायचं असतं. पण शिवणयंत्रावर दोरा येतो तो वाटेतल्या प्रत्येक आकड्याला वळसा घालून. एक आकडा चुकला तर टीप बिघडते. नणंदेने ती जीभ बघितली, तिच्या मनाने तो आकडा ठरवला आणि साखळी तिच्या बाहेरून वळसा देऊन झोकात नेली. चाक लावलं, स्क्रू आवळला, आणि कंबरेवर हात ठेवून म्हणाली, “फिरव.”

भावजयीने पायडल हाताने फिरवलं. खर्रर्र, खर्रर्र, खर्रर्र. दगडावर दगड घासावा तसा आवाज. मी ओरडत होतो, पण माझं ओरडणं आणि माझं काम यातला फरक आजवर कुणी ओळखला नव्हता.

“नवीन आहे म्हणून करतंय,” नणंद म्हणाली. “बूट नाही का आधी चावत?”

“ताई, हे जुनंच आहे. मेलेल्याचं आहे.”

“मग आत्मा असेल.”

भावजयीला हसू फुटलं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच. ती हसत हसत जमिनीवर आडवी झाली, आणि तिथून, खालून, वाकड्या मानेने तिने माझ्याकडे पाहिलं. “ताई, ही जीभ घासतेय बघा. साखळी आतून हवी.”

“आकडा सोडायचा?”

“सोडायचा.”

“असं कुठलं मशीन असतं, आकडा दिलाय अन् सोडायचा?” नणंद पुटपुटली, पण तिने स्क्रू सैल केला, साखळी आतून घेतली, परत आवळला. पायडल फिरलं. आता फक्त तेलकट, बारीक कुजबुज ऐकू येत होती.

सोमवारी सकाळी आम्ही निघालो. मी, भावजय आणि तो उसना पिंजरा. त्याच्याशी माझी ओळख नव्हती. मागून ट्रक आला की तो थरथरायचा. मी काही विचारलं नाही. पाण्याच्या टाकीपाशी भावजयीने खटक्यावर बोट ठेवलं, पण दाबेना. टिण टिण होईल या भीतीने तिने तसेच चार-पाच जड फेरे मारले. मग डोळे मिटून दाबला. मी साखळीला खांदा दिला आणि आत सरकलो. काळ्या पिंजऱ्याने आपली दोन बोटं जास्तीची लांबी वापरली. साखळी मोठ्या चकतीवर गेली आणि तारा दूरच राहिल्या. भावजयीने डोळे उघडले. “चल बाई, चल,” ती म्हणाली. मला वाटतं यावेळी त्यातला थोडा भाग माझ्यासाठी होता. खात्री नाही.

रांगेतल्या पहिल्या माणसाने बाही वर करायच्या आत ती खुर्चीवर बसली होती. हात स्थिर होता. मोठे डॉक्टर दारातून डोकावले, खुर्चीकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं, आणि मग खिडकीतून बाहेर कठड्याला टेकलेल्या सायकलकडे बघितलं. दुपारी कागदावर सही झाली. अभिनंदन वगैरे कुणी केलं नाही. भावजयीला आणि मला, दोघांनाही त्याची सवय होती.

खाली आलो तेव्हा नणंद व्हरांड्यात उभी होती. टाचण्या तोंडात नव्हत्या.

“झालं?”

“झालं. क्वार्टर हवा का म्हणून विचारत होते.”

“मग?”

“म्हटलं, गच्चीला कठडा नाही. नको.”

“गच्चीला कठडा नसेल तर नाहीच घ्यायचा,” नणंद तातडीने म्हणाली, आणि सायकल भावजयीच्या हातातून काढून घेतली. “ही आता आत राहील. बाहेर पडते उगाच.” पडद्यांचा गठ्ठा व्हरांड्यात गेला आणि मी मोठ्या खोलीत मशीनशेजारी आलो. काका भाचीच्या मुलीचं कौतुक करून परतले, मला फिरवून पाहिलं आणि म्हणाले, “चालतंय ना? मग नव्याच्या भानगडीत पडू नका.” उसना पिंजरा उसनाच राहिला. आता मी अर्धा मी आहे आणि अर्धा दुसरा कुणीतरी, जो ट्रकला घाबरतो. रोजचा चढ आहेच. थकवा दोघांत वाटला जातो, म्हणून कमी होतो असं मात्र नाही.

तेव्हा मित्रांनो, जाता जाता चार शब्द सांगतो. या जगात वर जाणाऱ्यांचे पुतळे होतात, पण त्यांना तिथवर ताणून नेणारे खाली लोंबत असतात. त्यांच्याकडे वाका. त्यांचं एखादं अंग वाकलं म्हणून सगळ्यालाच टाकून देऊ नका. नीट पाहा, बहुधा वरचं अंग शाबूत असतं. दोघांनी मिळून धरलं तर एका दुपारचं काम आहे. त्यांना तेल द्या, मान द्या, आणि जमल्यास एखादा दिवस सैल सोडा. एवढं केलंत तर हा जुना जीव कृतार्थ होईल आणि मानवजातीचं भलं होईल.

तेवढं नाही जमलं तर राहू द्या. हल्ली मी मशीनशेजारी असतो ना, खालच्या चाकात एक गुलाबी दोरा अडकलाय. तो कुणीतरी काढा.